बुधाजीच्या मोरीतल्या मुंग्या

वरळीच्या बीडीडी चाळीत त्या रविवारी सकाळी दुसऱ्या मजल्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मधला पॅसेज माणसांनी गच्च भरला होता, जिन्यावर रांग लागली होती, आणि ही सगळी मंडळी एक मोरी बघायला आली होती. बुधाजी जलसेवाल्याच्या खोलीतली मोरी. चाळीतल्या प्रत्येक खोलीत असते तसलीच, कोपऱ्यातली, हातभर कट्ट्याची. पाहण्यासारखं एवढंच, की तिच्यात काहीच नव्हतं.

"एक पण नाय गो!" जाईबाई कट्ट्याशी उकिडवी बसून पुकारा करत होती. "मागल्या महिन्यात इथं पलटण उभी असायची मुंग्यांची. आज बघा. औषधाला नाय!"

"मुंग्या गेल्या म्हणजे साखर गेली," मागून कुणीतरी निकाल दिला आणि पॅसेजभर तो पुढे सरकत गेला. "साखर गेली... बुधाजीची साखर गेली..."

चाळीत हा रोग असाच ओळखत. वय झालेला माणूस रात्री बाहेरच्या संडासापर्यंत न जाता मोरीतच लघवीला बसे, आणि सकाळी तिथं मुंग्यांची काळी रेघ दिसली की घरची बाई समजून जाई. डॉक्टरांनी नळीत तपासून सांगितलेलं आणि मुंग्यांनी सांगितलेलं नेहमी जुळायचं. त्यामुळे मुंग्यांचा शब्द चाळीत मानला जायचा.

कौसल्या खोलीच्या दारात पाठ टेकून उभी होती. बुधाजी तिचा मामा, जलशांत स्वतःची गाणी ढोलकीवर म्हणणारा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा मामा आणि बकुळामामीनं तिला खेडहून इथं आणलं, गिरणीतल्या पगारावर शिकवलं. सिद्धार्थ कॉलेजातून ती बी.एस्सी. झाली आणि आता परळच्या एका मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवत होती. गेलं वर्षभर रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी ती मामाला इन्सुलिनचं इंजेक्शन देई. या महिन्यापासून, प्रोफेसरांचा जस्ताचा उपचार सुरू केल्यापासून, मामानं दंड पुढे करणं बंद केलं होतं.

"आले! प्रोफेसर आले!"

गर्दी दुभंगली. प्रोफेसर मनमोहन कुठल्या कॉलेजात होते हे कुणी विचारलं नव्हतं. पांढरा कोट होता, खिशाला दोन पेनं होती, हातात कातडी बॅग होती. तेवढं पुरे होतं. जाईबाई वाकली, तसे ते दोन पावलं मागे सरले.

"पाया पडू नका माय! पाया पडाल तर मी असाच्या असा खाली उतरेन. मी बुवा नाही, बाबा नाही. देव-बीव मी मानत नाही. मी मानतो एकच गोष्ट. शास्त्र!"

टाळ्या पडल्या. या मजल्यावर त्या वाक्याला टाळ्या पडणारच होत्या. दीडएक वर्षापूर्वी याच लोकांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. परतल्यावर देव्हाऱ्यातले टाक समुद्रात सोडले होते, नवस, अंगारे, भगत, सगळं बंद केलं होतं. अंगारा घेऊन आलेल्याला त्यांनी जिन्यावरूनच परत पाठवला असता. पांढरा कोट घालून आलेल्याला मात्र त्यांनी खुर्ची दिली.

"शरीर म्हणजे काय?" प्रोफेसर सुरू झाले. "गिरणी! तुमच्या गिरणीत साचा बिघडला तर तुम्ही नारळ फोडता का?"

"नाय!"

"मग काय करता?"

"जॉबर बोलावतो!"

"शाब्बास! तर पोटातल्या गिरणीचा जॉबर म्हणजे जस्त. हा जॉबर रजेवर गेला की साखरेचे धागे तुटतात आणि मोरीत येतात. मी काय करतो? जॉबरला परत कामावर बोलावतो. हा घ्या जस्ताचा पेला. रात्री यात आमसुलाचं पाणी भरून ठेवा, पहाटे अनशापोटी प्या. उलटी होईल. होऊ द्या! ती साखर बाहेर पडते. आणि ही सूक्ष्म जस्ताची भुकटी मोरीत चारी बाजूंना टाका, म्हणजे बाहेर पडलेली साखर परत अंगात शिरणार नाही. महिन्यात माणूस मोकळा. साखरमुक्त शरीर आणि संयुक्त महाराष्ट्र, दोन्ही झालंच पाहिजे!"

"झालंच पाहिजे!" पॅसेज दणाणला. पलंगावर बसलेल्या मामानंही मूठ उंचावली. ती उंचावताना त्याला धाप लागल्याचं कौसल्याला दिसलं.

गर्दीतून गणपत पुढे आला. तो शेजारच्या खोलीतला, कमलाबाईचा नवरा. त्यालाही साखरेचं इंजेक्शन चालू होतं. "पण प्रोफेसर, डॉक्टर म्हणतो सुई सोडू नको."

प्रोफेसर याचीच वाट बघत असावेत. त्यांनी बॅगेतून इन्सुलिनची छोटी बाटली काढली. "डॉक्टरांच्या सुईत काय आहे ते तुमचीच मुलगी सांगेल. ताई, तुम्ही शास्त्र शिकलेल्या. हे मोठ्यानं वाचा."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. कौसल्यानं बाटली हातात घेतली. तिला ती पाठ होती. "प्रोटामिन झिंक इन्सुलिन."

"झिंक म्हणजे मराठीत काय?"

"जस्त. पण ते—"

"ऐकलंत? जस्त! डॉक्टर तुम्हाला सुईच्या टोकावर मावेल एवढं जस्त देतो, मी पेलाभर देतो!"

"त्यात जस्त असतं ते इन्सुलिन अंगात सावकाश पसरावं म्हणून," कौसल्या म्हणाली. "रोगावर काम करतं ते इन्सुलिन. जस्त नव्हे." पण टाळ्यांत तिचं तिलाच ऐकू आलं नाही. गणपतनं पेला विकत घेतला होता आणि तो उंच धरून लोकांना दाखवत होता.

*

संध्याकाळी तिनं स्टोव्ह पेटवला. शाळेच्या प्रयोगशाळेतून आणलेलं निळं द्रावण परीक्षानळीत घेतलं, त्यात मामाच्या लघवीचे थेंब टाकले आणि नळी पाण्यात उकळत ठेवली. निळा रंग हिरवा झाला, पिवळा झाला, आणि बघता बघता विटेसारखा लाल झाला.

"मामा, बघ. साखर खच्चून आहे."

मामानं नळी उजेडाकडे धरली. मग शांतपणे परत दिली. "तुझी नळी लाल झाली खरी. पण मुंग्या का येत नाहीत मग?"

"ते मला अजून कळलेलं नाही."

"तेच तर. माणूस पैसे खाऊन खोटं बोलेल गो बाय. मुंगीला कोण काय देणार?"

"मामा, तू बावीस प्रतिज्ञा घेतल्यास. बुवाबाजीवर तू स्वतः गाणी रचलीस."

"बुवाबाजीवर रचली. हा कुठं देवाचं नाव घेतो? पाया पडू देत नाय. जस्त हा धातू आहे, तूच वाचलंस ना सकाळी? मग?" त्यानं पाय पुढे केला. "वर्षभर सुई टोचतेस. पायाची जखम भरली? पुढल्या महिन्यात समितीचा मोर्चा आहे. मला ढोलकी घेऊन चालायचंय त्यात. तुझी सुई चालवील मला?"

ती जखम मागच्या मोर्च्यातली होती. चपलेचा खिळा वर आला होता, आणि वरळीपासून फोर्टापर्यंत मामा त्याच खिळ्यावर चालत गेला होता. तळवा बधिर, त्यामुळे दुखलंच नाही. घरी आल्यावर लादीवर रक्ताचे ठसे बघून मामी ओरडली, तेव्हा त्याला कळलं.

"सुई चालवील असं मी म्हणत नाही," कौसल्या म्हणाली. "सुई नाही घेतलीस तर मात्र नक्की जाशील."

"मग जाऊ दे. आमसुलाचं पाणी भरून ठेव मामीला सांगून."

मोठ्या माणसाच्या दंडात जबरदस्तीनं सुई खुपसता येत नाही. ती उकळून पेटीत ठेवून द्यावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळावी लागते.

कौसल्याची खरी अडचण निराळीच होती. प्रोफेसर निखालस खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण जस्ताचा आणि या रोगाचा काहीतरी संबंध आहे हे तिनं कॉलेजात असताना वाचलं होतं. मधुमेहानं गेलेल्या माणसांच्या स्वादुपिंडात जस्त निरोगी माणसाच्या निम्म्याच्या आसपासच आढळलं होतं. जस्त कमी पडलं म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून जस्त कमी पडलं? कुणाला ठाऊक नव्हतं. डाळी, तीळ, मटण, कालवं यांतून जस्त पोटात जातच असतं. ज्यांच्या जेवणात ते कमी, त्यांना साखर जास्त होते का, हे शोधायचं तर हजारो माणसांचं खाणं वर्षानुवर्षं मोजायला हवं. ते अजून कुणी केलं नव्हतं. आणि उद्या तसं निघालं, तरी त्यातून पेल्यातल्या आंबट पाण्यानं उसळलेली साखर उतरते असं थोडंच ठरणार होतं? आंबटात जस्त विरघळतं आणि त्याचा क्षार पोट ढवळून काढतो. विष खाल्लेल्याला ओकारी यावी म्हणून डॉक्टर पूर्वी तसलाच क्षार देत. मामाच्या पोटातून पडत होतं ते पाणी. साखर रक्तातच होती.

हे सगळं तिनं मामीला समजावलं. मामीनं नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुलाही पक्कं ठाऊक नाय."

"जस्ताचं नाही. सुईचं पक्कं ठाऊक आहे."

"त्या माणसाला सगळंच पक्कं ठाऊक आहे," मामी म्हणाली.

*

मुंग्यांचं कोडं सुटलं ते शेवयांच्या पातेल्यामुळे. मामीनं गुळातल्या शेवयांचं खरकटं पातेलं मोरीत टाकलं आणि ती नळावर भांडणात अडकली. दुपारी कौसल्या शाळेतून आली, तर पातेलं तसंच पडलेलं. काठावर गूळ वाळून चिकटलेला. आणि मुंगी एक नाही.

ती तिथंच खाली बसली. साखर गेली म्हणून मुंग्या गेल्या म्हणावं, तर इथं गूळ होता. मग मुंग्या का नव्हत्या?

तिनं कट्ट्यावरची करडी भुकटी चिमटीत घेऊन हुंगली. आधी कापराचा वास आला. त्याच्यामागून दुसरा, ओळखीचा. हिवतापाच्या डासांसाठी म्युनिसिपालिटीची माणसं भिंतींवर फवारणी करून गेली की खोलीत दोन दिवस राहतो तो वास. पॅसेजच्या टोकाला भिंतीच्या फटीतून मुंग्यांची रांग चालली होती. तिनं चिमूटभर भुकटी त्यांच्या वाटेत टाकली आणि बघत बसली. जरा वेळानं पहिली मुंगी अडखळली, उलटी झाली, पाय झाडू लागली.

राख, कापूर आणि डीडीटी. जस्ताचा कणसुद्धा असायचं कारण नव्हतं.

"मामी, ही भुकटी कोण टाकतं रोज?"

"मीच टाकते की. मूठभर. चारी बाजूंनी."

तिनं ते लगेच मामाला सांगितलं. मामा ऐकण्याच्या स्थितीत नव्हता. दोन दिवस त्याच्या पोटात काही टिकलं नव्हतं आणि तो तांब्यामागून तांब्या पाणी पीत होता. "रविवारी त्याच्या तोंडावर बोल," तो डोळे मिटून पुटपुटला. "माणसाच्या पाठीमागं बोलू नये."

डॉक्टरकडे चल म्हटलं तर मान हलवी. मामी म्हणाली, नवऱ्याच्या मर्जीविरुद्ध मी कशी हलवू? कौसल्यानं पॅसेजमध्ये दोन गडी माणसं गाठली. त्यांनी सांगितलं, साखर बाहेर पडतेय, आता मधेच कशाला अडवता?

*

रविवारी पुन्हा पॅसेज भरला. प्रोफेसर आले. गिरणी झाली, साचा झाला, जॉबर रजेवरून परतला. मग कौसल्या पुढे झाली.

"प्रोफेसरसाहेब, एक शंका आहे."

"विचारा ताई! शंका नाही तर शास्त्र नाही."

"साखर गेली म्हणून मुंग्या गेल्या. बरोबर?"

"सोळा आणे."

"मग मोरीत गूळ ठेवला तर मुंग्या याव्यात."

प्रोफेसरांनी खिशातलं पेन काढलं आणि परत खिशात ठेवलं. "तत्त्वतः... याव्यात."

"कालपासून कट्ट्यावर गुळाचा खडा आहे. जाईबाई, तुम्ही बघून सांगा."

जाईबाई आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली ती गूळ तळहातावर घेऊनच. "कोरा आहे गो. कुणी शिवलं पण नाय याला."

"आता इकडं या." पॅसेजच्या टोकाला कौसल्यानं एक बशी चाळणीखाली झाकून ठेवली होती. तिनं चाळणी उचलली. बशीचा काठ मुंग्यांनी काळा झाला होता. "ही मामाची आज सकाळची लघवी. जिथं भुकटी नाही तिथं ठेवलेली."

मागची माणसं पुढच्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"हवेतला फरक आहे," प्रोफेसर म्हणाले. "मोरी दमट, पॅसेज कोरडा. शिवाय हल्ली गुळात भेसळ किती—"

"आणि ही तुमची भुकटी." तिनं बशीभोवती चिमूटभर भुकटी सोडली. "बोला तुम्ही, प्रोफेसर. आम्ही ऐकतो."

प्रोफेसर बोलत राहिले. धातूंची शक्ती, सूक्ष्म लहरी, जर्मनीतले प्रयोग. लोक मात्र खाली बघत होते. एकेक मुंगी भेलकांडली, उलटी झाली, पाय आखडून पडली.

"आयला, ही तर ढेकणाची पावडर!" गणपत ओरडला.

"राख, कापूर आणि डीडीटी," कौसल्या म्हणाली. "मामाची साखर होती तिथंच आहे. यानं फक्त साक्षीदार मारले."

मग गलका झाला. कुणी कोटाची कॉलर धरली, कुणी बॅग ओढली, पेले जिन्यावरून खणखणत गेले. प्रोफेसर कोट सोडून पळाले. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत हसू लागली. मुलींच्या शाळेतली बाई काय बोलली, कसं बोलली, ह्याच्या नकला सुरू झाल्या.

कौसल्या खोलीत गेली. मामानं सगळं ऐकलं होतं. त्याचा श्वास खोल, भराभर चालला होता आणि तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. पायाचा आंगठा काळा पडला होता.

"म्हणजे साखर..."

"आहे, मामा."

त्यानं दंड पुढे केला. "दे सुई."

तिनं दिली. एवढ्यावर ती पुरी पडणार नाही हे देतानाच तिला कळत होतं. मधे अडवू नका म्हणणाऱ्या त्याच दोन गड्यांनी त्याला खुर्चीत बसवून खाली नेला, टॅक्सीत घातला. हॉस्पिटलात डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. दोन आठवड्यांपूर्वी आणला असता तर, असं त्यांच्यातला एक तरुण डॉक्टर म्हणाला. आठवडा पुरा व्हायच्या आत मामा गेला.

*

बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, त्यानंतर एका सकाळी कौसल्या शाळेला निघाली होती. जाईबाई नळावर बायकांना सांगत होती. आवाजात राग नव्हता. उलट कळवळाच होता.

"तिनं चांगल्यासाठीच केलं हो. पण गेलेल्या मुंग्या परत आणायच्या कशाला? मुंग्या आल्या, पाठोपाठ साखर आली. वर लगेच सुई टोचली. आठवड्यात माणूस गेला."

"त्या आधी तर जिता होता," दुसरी म्हणाली.

ढेकणाची पावडर ओळखून हसणाऱ्या त्याच बाया. कौसल्याला वाटलं, तिथंच थांबून फळ्यावर लिहावं तसं एकेक पायरी मांडावी. पण तिला पुढचं दिसत होतं. त्या मान डोलावतील, "खरंय गो बाई" म्हणतील, आणि तिची पाठ वळली की पुन्हा तिथंच येतील. बकुळामामी तर मोरी घासत बसायची. दिवसातून चारदा घासायची, आणि हात पदराला पुसून पुन्हा बघायची.

कौसल्यानं कमलाबाईच्या दारावर थाप मारली.

कमलाबाईनं दार अर्धंच उघडलं. "कौसल्याबाई... शाळेला नाय गेलात?"

"गणपतभाऊंनी इंजेक्शन पुन्हा सुरू केलं?"

आतून गणपतचाच आवाज आला. "नाय घेत मी सुई. बुधाजीनं घेतली नि गेला."

"भाऊ, मामा सुई घेतली म्हणून गेला नाही. महिनाभर घेतली नाही म्हणून गेला."

"लोक वेगळं म्हणतात."

"लोकांनी प्रोफेसरबद्दलही वेगळंच म्हटलं होतं. एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणून पहिलीनं दुसरी केली असं होत नाही. भोंगा वाजल्यावर उजाडतं. भोंग्यानं उजाडतं का?"

दार तेवढंच उघडं होतं. कौसल्यानं चौकटीवर हात ठेवला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "पांढऱ्या कोटावर ठेवू नका, तसा माझ्या डिग्रीवरही ठेवू नका. मी निळं औषध आणते. तुमची नळी तुम्ही स्वतः उकळा, सुई घेण्यापूर्वी आणि सुई सुरू झाल्यावर, रोज. जी माणसं सुई घेतात आणि जी घेत नाहीत, त्यांची चौकशी करा, तुमच्या ओळखीतल्या. जो कुणी सांगतो त्याला विचारा, हे खोटं असेल तर आम्हाला कशावरून कळेल? ज्याच्याकडे याला उत्तर नाही त्याचं काही घेऊ नका. मग तो देवाचं नाव घेवो नाहीतर शास्त्राचं. आणि मला बोल लावायचा तर लावा. नळावर लावा, पॅसेजमध्ये लावा. मी ऐकून घेईन. पण आजची सुई आज घ्या."

खाली रस्त्यावरून मोर्च्याची तयारी सांगणारा कर्णा गेला.

"आणि मुंग्या?" कमलाबाईनं हळूच विचारलं. "पुन्हा येतील मोरीत. शेजारीपाजारी काय म्हणतील?"

"येऊ देत," कौसल्या म्हणाली. "सुई कामाला लागली की त्या आपण होऊन कमी होतील. तोवर त्यांना मारू नका."

कमलाबाईनं मागे वळून नवऱ्याकडे बघितलं. गणपत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याचा दंड पांघरुणाखाली होता. कौसल्या पिशवी पायाशी ठेवून दारातच उभी राहिली. शाळेची घंटा केव्हाच झाली असणार होती.